बाथरूमच्या भिंतीवर विनोदी चित्रं, पाट्या, टाइल्स: काय लावावं आणि ते टिकवावं कसं?

ताम्हण

नमस्कार मंडळी,

ठाण्याच्या घरातलं बाथरूम नव्याने करून घेतोय. टाइल्स पांढऱ्या, पाणी उडत नाही अशी वॉशबेसिनशेजारची एक भिंत, आणि कमोडच्या समोर जेमतेम अडीच फूट रुंदीची दुसरी. या दोन्ही ठिकाणी हसवणारं काहीतरी लावायचं यावर घरात एकमत आहे. काय लावायचं यावर अजिबात नाही.

ऑनलाइन शोधलं की तीच ती चित्रं समोर येतात: टबात बसलेला हत्ती, कमोडवर पेपर वाचणारं माकड, टॉयलेट पेपर गुंडाळलेली गाय आणि खाली इंग्रजी वाक्यं. काढलीत छान, पण आमच्याकडे टबही नाही आणि टॉयलेट पेपरही नाही. आमच्याकडे बादली-मग आहे, गिझरचं बटण चालू राहिलं म्हणून होणारी आरडाओरड आहे, पलंगावर टाकलेला ओला टॉवेल आहे, सकाळी दाराबाहेर लागणारी रांग आहे. आमच्या घरात हसणं होतं ते या गोष्टींवरून. भिंतीवरही त्याच दिसाव्यात असं मला मनापासून वाटतं.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दिवाणखान्यातला विनोद पाहुणा एकदा वाचतो आणि विसरतो. बाथरूममधला विनोद घरची माणसं रोज वाचतात, सकाळी, झोपेतून उठल्या उठल्या. शब्दांची कोटी आठवड्याभरात शिळी होते. चित्र मात्र टिकतं, त्यातही शब्दांवाचून हसवणारं. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांचं 'मोहिनी' मासिकाच्या १९५२च्या अंकावरचं मुखपृष्ठ आठवा. तरुण-तरुणीच्या कपड्यांवरची उंदीर-मांजराची नक्षी, एवढाच ऐवज. एक अक्षर नाही, तरी आज पाहिलं तरी ओठ हलतात. तसं शांतपणे हसवणारं काहीतरी हवंय.

तर विचारायचं असं:
कुणी असं केलंय का? दमटपणात काय टिकतं? पाट्या चालतील का, आणि चालल्या तर त्यावर काय लिहावं? आणि काय अजिबात लावू नये असं तुम्हांला वाटतं?

निवांतक्षण

मस्त विषय! वाचनखूण साठवली. आमच्याकडेही यंदा हे काम निघणार आहे.

पाटीबहाद्दर

ताम्हण, चित्रांबद्दल सहमत, पण पाटीला इतक्या सहज बाद करू नका. पुण्यातल्या जिन्यांत आणि दारांवर ज्या पाट्या वर्षानुवर्षं टिकून आहेत, त्या विनोद म्हणून कुणी लावलेल्याच नाहीत. त्यांना काम आहे. बेल दोनदा वाजवू नये, गाडी लावू नये, चौकशी करू नये. काम खरं असतं आणि सूर करडा असतो, हसू त्यातून आपोआप फुटतं. बाथरूमच्या पाटीलाही काही काम दिलं तर ती शिळी होत नाही, कारण नळ रोजच उघडा राहतो.

आमच्या घरात या आहेत, काळ्यावर पांढरी अक्षरं, रंगवून घेतलेल्या:

"नळ बंद केला का? परत पाहा. आता जा."

"गाणे म्हणण्यास हरकत नाही. दोन कडवी. बाहेर माणसे आहेत."

"बादली उपडी ठेवावी. पुढचा माणूसही याच घरातला आहे."

"गरम पाणी कोणी संपवले ते आम्हांस ठाऊक आहे."

"मोबाइल बाहेर ठेवावा. येथे रेंज नाही आणि गरजही नाही."

शेवटची मुलीने लिहिली आहे आणि ती स्वतः पाळते.

भाषा लेखी ठेवा. 'करावे', 'ठेवावे', 'आम्हांस'. बोलीत लिहिलं की सूचना वाटते, लेखीत लिहिलं की पाटी वाटते. आणि उद्गारचिन्ह टाळा, पाटी कधीही ओरडत नाही.

चकोर

"आम्हांस ठाऊक आहे" वाचून हसून हसून पुरेवाट. आमच्या घरी ही आजच लागणार.

रानजाई

रत्नागिरीकडून लिहितेय, तेव्हा ओलाव्याबद्दल मी बोलणार.

पावसाळ्याचे चार महिने आमच्याकडे बाथरूमची भिंत बाहेरून आणि आतून दोन्हीकडून ओली असते. एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) पाटीवर छापलेलं चित्र पहिल्याच पावसात कडेने फुगलं. लाकडी चौकटीतल्या कागदावर आधी तपकिरी ठिपके आले, मग काळी बुरशी. लॅमिनेशन केलं म्हणजे झालं असं दुकानदार सांगतो, पण तो चित्र आणि प्लास्टिक एकत्रच कापून देतो. कापलेल्या कडेतून ओल कागदात शिरते आणि चित्र आतून कुजतं. म्हणून कागद आधी मापात कापायचा, मग लॅमिनेट करायचं आणि चारही बाजूंनी चार-पाच मिलिमीटर नुसतं प्लास्टिक सोडायचं. ही कड शाबूत राहिली तर चित्र राहतं.

चौकट हवीच असेल तर अॅल्युमिनियमची घ्या, काचेऐवजी अॅक्रिलिक, मागची बाजू टेपने बंद. चौकटीच्या चार कोपऱ्यांना मागे रबराचे बटण लावून भिंतीपासून थोडी लांब ठेवा, म्हणजे मागे हवा खेळते. आणि एग्झॉस्ट फॅन आंघोळ झाल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा. या फॅनवर केलेला खर्च चित्रावरच्या कुठल्याही खर्चापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी: व्हिनाइल स्टिकर. गुळगुळीत टाइलवर छान बसतो, मॅट टाइलवर कडा सोडतो. लावण्याआधी स्पिरिटने टाइल पुसा, साबणाचा थर राहिला तर चिकटणार नाही. दोन टाइलमधल्या फटीवर येऊ देऊ नका, पाणी तिथूनच आत जातं. घर सोडताना हेअर ड्रायरने गरम करून हळूहळू सोललं की डाग न पडता निघतं.

भटकभवान

हे वेड जुनं आहे, याचा पुरावा देतो. रोमजवळ ओस्तिया अँटिका नावाचं प्राचीन बंदराचं शहर आहे. तिथल्या एका स्नानगृहाच्या इमारतीत एका खोलीच्या भिंतींवर ग्रीसचे सात ज्ञानी पुरुष रंगवलेले आहेत. साधारण १,९०० वर्षांपूर्वीचं काम. ऋषीतुल्य माणसं, गंभीर चेहरे, ग्रीक अक्षरांत नावं. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर लॅटिनमध्ये त्याचा उपदेश:

सोलोनने पोट साफ व्हावं म्हणून पोट चोळलं. ज्यांना कठीण जातं त्यांना थेल्सने जोर लावायचा सल्ला दिला. धूर्त खिलोनने आवाज न करता वारा सोडायला शिकवलं.

यांच्या खालच्या पट्ट्यात बसलेली साधी माणसं रंगवली होती, तीही याच विषयावर बोलताना. ती खोली सुरुवातीला मद्यपानाची असावी असं अभ्यासक म्हणतात, कारण छतावर मद्याच्या कुंभाशेजारी 'फालेर्नम' हे त्या काळच्या नामांकित वाइनचं नाव लिहिलेलं आहे.

मला यातली रचना फार आवडते. वर विद्वान, खाली आपण, आणि दोघांचीही अडचण एकच. पाटीबहाद्दर म्हणतात तेच इथेही दिसतं: सूर गंभीर, विषय रोजचा. ताम्हण, तुमच्या कमोडसमोरच्या भिंतीवर घरातल्याच सात मंडळींची अशी व्यक्तिचित्रं काढून घेतली तर? खाली प्रत्येकाचा खास सल्ला.

ताम्हण

भटकभवान, ही कल्पना तर थेट मनात जाऊन बसली! सात नाही, पण पाच माणसं आहेत घरात. माझ्या सासऱ्यांचं "पाणी प्या, सगळं ठीक होईल" हे वाक्य त्यांच्या चित्राखाली शोभेल. त्यांना विचारलं, ते खूश आहेत. सासूबाईंनी मात्र आधी चित्र बघेन, मग सांगेन असं म्हटलंय.

वत्सलाकाकू

मुलांनो, वयाने मोठी म्हणून दोन गोष्टी सांगते.

पहिली. अक्षरं मोठी काढा. आंघोळीला जाताना आम्ही चष्मा बाहेर ठेवतो. समोर विनोद आहे हे कळतं, काय आहे ते कळत नाही. निदान एक इंच उंचीची अक्षरं हवीत. आणि चित्र कुठल्या उंचीवर लावताय तेही बघा. भिंतीवरच्या चित्रांची उंची आपण उभ्या माणसाच्या नजरेने ठरवतो, पण कमोडवर बसलेल्याची नजर जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर येते. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्याहून बरीच खाली.

दुसरी. घरात काम करणाऱ्या मावशी ते बाथरूम रोज घासतात. घाणीवर, दुर्गंधीवर किळसवाणं काही लावाल तर त्यात हसण्यासारखं त्यांना काही नसतं. तसंच बायकोच्या वजनावर, आंघोळीला बायका किती वेळ लावतात यावर, कुणाच्या शरीरावर काही नको. ज्या भिंतीसमोर माणूस उघडा उभा राहतो त्या भिंतीने त्याच्या अंगाला हसू नये.

कुंचला

वत्सलाकाकू, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला दंडवत. मी व्यंगचित्रं काढतो आणि अशा कामाच्या मागण्या येतात तेव्हा निम्म्या वेळा मला हेच समजवावं लागतं.

शब्दांवाचूनच्या चित्राबद्दल ताम्हण यांनी लिहिलंय त्यात थोडी भर घालतो. असं चित्र टिकतं कारण बघणाऱ्याला त्यात काहीतरी जोडायचं असतं. पहिल्या नजरेला सगळं नेहमीसारखं दिसतं, दुसऱ्या नजरेला एक गोष्ट चुकीच्या जागी असते. बाथरूममध्ये बघायला वेळ असतो, तेव्हा ही दुसरी नजर मिळतेच. म्हणून चित्रात बारकावे भरपूर हवेत. मी एका घरासाठी सकाळची रांग काढली: टॉवेल खांद्यावर टाकून उभी असलेली माणसं, आणि त्यांच्या पायांत, खिशांत, हातांत लहान लहान गोष्टी. एकाच्या हातात चुकून टूथब्रशऐवजी चमचा. एका आजोबांच्या तांब्यात झोपलेलं मांजर. शेवटच्या मुलाने रांगेतला नंबर जमिनीवर खडूने लिहून ठेवलाय आणि स्वतः पुन्हा झोपायला गेलाय, फक्त चप्पल रांगेत. त्या घरातली मंडळी अजून नवीन काहीतरी सापडलं म्हणून कळवतात.

आणखी एक कल्पना. 'आवाज' दिवाळी अंकातली खिडकीचित्रं आठवतात? पानाला कापलेली खिडकी, तिच्यातून चित्राचा तुकडा दिसतो, मन भलतंच काहीतरी रचतं, पान उलटलं की साधीच गोष्ट निघते. बाथरूममध्ये हे करायला आयती जागा असते: आरशामागचं कपाट, किंवा नळजोडणी झाकणारं छोटं दार. बाहेरून खिडकीतून फक्त एक घाबरलेला डोळा आणि ओले केस दिसतात. दार उघडलं की आत डोक्याला शॅम्पूचा फेस लावून कोरड्या नळाकडे बघणारा गृहस्थ. दारावर अॅक्रिलिक, आत छापील व्हिनाइल, एवढंच सामान लागतं.

एक विनंती मात्र कळकळीची. फडणीस, वसंत सरवटे, मारिओ मिरांडा अशा मोठ्या व्यंगचित्रकारांची चित्रं इंटरनेटवरून उतरवून प्रिंटवाल्याकडून मोठी करून घेऊ नका. आपल्याकडे हक्क कलाकाराच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत राहतात. अधिकृत छापील प्रत विकत घ्या, नाहीतर एखाद्या नवोदित चित्रकाराकडून तुमच्याच घराचं चित्र काढून घ्या. तुमच्या घरातला तांब्या त्यात असेल, तो बाजारातल्या कुठल्याच चित्रात मिळणार नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून. मारिओंचं नाव निघालंच आहे तर सांगते, त्यांची चित्रं असलेल्या टाइल्स इथे मारिओ गॅलरीत विकत मिळतात. बाजारातल्या गर्दीचं, गावातल्या लग्नाचं, दारावरच्या पाववाल्याचं चित्र. कुंचला म्हणतात तसे बारकावे तर खच्चून भरलेले. मुंबईकरांनी कुलाब्याच्या कॅफे माँडेगारमधली त्यांची भित्तिचित्रं बघितली असतीलच.

टाइल हे माध्यम आमच्याकडे पोर्तुगीजांमुळे रुजलं. पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात जोर्ज कोलासो यांच्या १९३०च्या दशकातल्या निळ्या-पांढऱ्या अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या टाइल्सची भिंत आहे. समुद्रालगतच्या हवेत आजही तिचे रंग ताजे दिसतात. पणजीतल्याच फोंतेन्हास वस्तीत घरांच्या नावाच्या टाइल्स पावसात उभ्या आहेत, अक्षर हललेलं नाही. तेव्हा कागद, सनबोर्ड, चौकट या सगळ्याचा विचार करण्याआधी टाइलचा करा, असं माझं ठाम मत. पाण्याच्या खोलीत पाण्याला न घाबरणारी वस्तूच लावावी.

भट्टीवाला

मांडवीकाठ ताईंनी माझ्या धंद्याचा विषय काढला, म्हणून सविस्तर लिहितो. सिरॅमिकचं काम करतो.

बाजारात 'फोटो टाइल', 'प्रिंटेड टाइल' म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. पहिली हीट प्रेसची. टाइलवर प्लास्टिकसारखा एक पातळ थर असतो, त्यात १८०-२०० अंश सेल्सिअसला शाई उतरवतात. रंग झगझगीत येतात, फोटोही छापता येतो, एक नगही करून मिळतो, स्वस्त पडते. पण तो थर खरवडला जातो, उन्हाने रंग उडतो, आणि घासणीने किंवा अॅसिडने खराब होतो. दुसरी भट्टीतली. सिरॅमिक रंगाने हाताने काढलेलं चित्र किंवा डेकल (टाइलवर उतरवायचं छापील चित्र), ८०० अंशांच्या आसपास पुन्हा भाजलेलं, म्हणजे रंग काचेच्या थरात वितळून बसतो. अझुलेजोचे रंग तर आणखी वरच्या तापमानाला, थेट कच्च्या ग्लेझमध्येच (टाइलवरच्या काचेसारख्या लेपात) मुरतात.

तेव्हा दुकानात एकच प्रश्न विचारा: "प्रेसची की भट्टीतली?" उत्तर देताना माणूस घुटमळला तर प्रेसची समजा. प्रेसची वाईट असं मी म्हणत नाही. वॉशबेसिनच्या कोरड्या भिंतीवर, ऊन येत नसेल तर, ती छान राहते. शॉवरखाली आणि बादलीजवळ मात्र भट्टीतलीच.

बसवण्याबद्दल. सगळी भिंत चित्रांच्या टाइल्सची करू नका. पांढऱ्या भिंतीत मध्येच एखादी, अनपेक्षित जागी, जास्त हसवते. आमच्या एका गिऱ्हाइकाने जमिनीलगतच्या टाइलवर एक बेडूक काढून घेतला, तो वर शॉवरकडे आशेने बघतोय. तो बेडूक पाय घासायला वाकल्यावरच दिसतो.

टाइल्स आधीच बसल्या असतील तर त्या फोडू नका. जुन्या टाइलवर चिकटणारा टाइल अॅडहेसिव्ह मिळतो, तो मागून घ्या, साधं सिमेंट गुळगुळीत टाइलवर धरत नाही. भोक पाडून काही टांगायचं असेल तर आधी कागदी टेपची फुली चिकटवा म्हणजे बिट घसरत नाही, टाइलसाठीचा बिट वापरा आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. नळ, शॉवर आणि गिझर यांच्या सरळ वर-खाली कधीही भोक पाडू नका, पाइप साधारण तिथूनच गेलेले असतात. प्लंबरने काम करताना भिंत बुजवण्याआधी फोटो काढून ठेवा, ताम्हण ताई, तुमचं काम चालू आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

शंकासुर

एक विचारतो. आमच्या सोसायटीच्या जिन्यात लोकांनी थुंकू नये म्हणून देवांच्या टाइल्स लावल्यात. बाथरूममध्ये असं काही चालतं का? आणि वारली चित्रं? ती तर सगळीकडेच लावतात.

भटकभवान

यालाही रोमनांचा दाखला आहे. पाँपेईत एका शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर फोर्तुना ही भाग्यदेवता रंगवली होती, शेजारी उकिडवा बसलेला माणूस, दोन्ही बाजूंना साप, आणि वर ताकीद: शौचाला बसणाऱ्या, संकटापासून सावध. आता ते चित्र नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. म्हणजे भिंत राखायला देव उभे करण्याची आपली युक्ती तिथेही होती.

वत्सलाकाकू

असेल होती. पण मला जिन्यातल्या देवांच्या टाइल्स बघवत नाहीत. लोक थुंकायचं थांबत नाहीत, जरा बाजूला थुंकतात. बाथरूममध्ये देव, संत, महापुरुष काही नको. विनोदाच्या शेजारी तर नकोच.

कुंचला

वारलीबद्दल मी सांगतो. तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक आणि त्यातली पालघाट देवी हे पूजेचं चित्र आहे, सवासिनी ते लग्नात काढतात. ते बाथरूममध्ये लावणं म्हणजे दुसऱ्याचा देव्हारा उचलून आणणं. रोजच्या जगण्याची वारली चित्रंही आहेत, शेत, मासेमारी, पाणी भरणाऱ्या बायका. जिव्या सोमा म्हसे यांच्यापासून ही कला पूजेबाहेर कागदावर आली आणि मोठी झाली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. तसं चित्र लावायचं तर डहाणू-तलासरीकडच्या वारली चित्रकाराकडून घ्या आणि बाथरूमसाठी हवंय हे आधीच मोकळेपणाने सांगा. तो नाही म्हणाला तर ते ऐका.

निवांतक्षण

जाता जाता, दिल्लीला जाणार असाल तर सुलभ इंटरनॅशनलचं शौचालय संग्रहालय जरूर बघा. बिंदेश्वर पाठकांनी १९९२ साली सुरू केलं. जाडजूड ग्रंथांच्या गठ्ठ्यासारखा दिसणारा कमोड आहे तिथे, फ्रेंच पद्धतीचा. मुलं तिथून हलत नाहीत.

ताम्हण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री घरात बसून धागा मोठ्याने वाचला आणि ठरवलं ते असं.

कमोडसमोर घरातल्या पाच ज्ञानी पुरुष-स्त्रियांची व्यक्तिचित्रं, भट्टीतल्या टाइल्सवर, खाली प्रत्येकाचा उपदेश मोठ्या अक्षरांत. सासूबाईंनी होकार दिलाय, त्यांचं वाक्य "आधी गिझर बंद कर, मग बोल" असं त्यांनीच सुचवलं. लेकाला स्वतःच्या चित्राखाली काहीही नकोय, नुसता झोपलेला चेहरा हवाय, आणि मला तोच सगळ्यांत बोलका वाटतोय. कोरड्या भिंतीवर आरशाचं कपाट, त्यावर कुंचला यांच्या कल्पनेतलं खिडकीचित्र. त्यासाठी त्यांना संपर्कातून लिहिलंय. दाराच्या आतल्या बाजूला एकच पाटी, पाटीबहाद्दरांची नळाची, त्यांची हरकत नसेल तर.

भट्टीवाला दादा, टाइल्सच्या मधलं ग्राउट कुठलं घेऊ? आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, पांढरे डाग फार पडतात.

पाटीबहाद्दर

हरकत कसली, आनंद आहे. फक्त "आता जा" वेगळ्या ओळीत लिहा.

भट्टीवाला

इपॉक्सी ग्राउट घ्या. सिमेंटचं ग्राउट क्षार धरतं, मग लोक त्यावर अॅसिड ओततात आणि अॅसिड सिमेंटच खातं. खाली शहाबादी किंवा संगमरवर असेल तर त्याचीही चाळण होते. इपॉक्सी लावताना टाइलवर सांडलेलं लगेच ओल्या स्पंजने पुसून घ्यायला सांगा, वाळलं की निघत नाही आणि चित्राच्या टाइलवर धूसर पापुद्रा राहतो. रंग पांढरा नको, हलका राखाडी घ्या. चित्रांच्या टाइल्स बसवण्याआधी जमिनीवर मांडून, कमोडच्या उंचीच्या स्टुलावर बसून एकदा सगळ्यांनी बघून घ्या.